दम कमी असेल, तर सॅकमध्ये काय असावे?

प्रश्न : माझे वय ५४ आहे. नोकरी बैठी असल्याने वजन वाढले आहे आणि दोन जिने चढले तरी धाप लागते. मैत्रिणींबरोबर सुट्टीच्या दिवशी शेतांमधून, माळरानावरून सात-आठ किलोमीटर चालायला जाण्याचे ठरले आहे. सोबत काय न्यावे याच्या याद्या वाचल्या, पण एवढे ओझे उचलूनच मी थकून जाईन असे वाटते. नेमके काय घ्यावे आणि काय घरी ठेवावे?

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. चालण्याची सवय नसलेल्या माणसाला वाटेत वेळ जास्त लागतो आणि त्याचे थांबेही जास्त होतात. तेव्हा सॅक भरताना या दोन गोष्टींचाच विचार आधी करावा.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो. सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ३०० मीटर चढाला आणखी अर्धा तास, असे त्याचे सध्याचे रूप आहे. या हिशेबाने ८ किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ यांना दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल; परंतु हा हिशेब धडधाकट माणसाचा असून त्यात विश्रांती धरलेली नाही. आपण चार तास धरून चालावे आणि त्या बेताने सकाळी लवकर निघावे.

चार तासांचे म्हटले की पहिला प्रश्न पाण्याचा येतो. साधारण हवेत ताशी अर्धा लिटर धरले, तर दोन लिटर पाणी लागते, म्हणजेच दोन किलो वजन झाले. हे वजन कमी करण्याचा मोह कृपया टाळावा. एरवी सॅकचे एकूण वजन शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे असे सांगितले जाते. माझ्या मते आपण पाण्यासह चार किलोंवर जाऊच नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

याद्यांमध्ये क्वचितच आढळणारी, पण मला फार मोलाची वाटणारी वस्तू म्हणजे बसण्यापुरता फोमचा तुकडा. जमीन ओली किंवा खडबडीत असली की माणसे उभ्यानेच दम घेतात आणि पायांना विश्रांती अशी मिळतच नाही. थांबल्यावर अंगावर चढवायला एक हलके जाकीट हवे, कारण घामाने भिजलेला सुती कपडा लवकर वाळत नाही आणि वाऱ्यात बसले की काही मिनिटांतच हुडहुडी भरते.

गुडघ्यांची कसोटी चढापेक्षा उतारावर अधिक लागते, त्यामुळे चालण्याच्या दोन काठ्या अवश्य घ्याव्यात. सपाटीवर काठी टेकवली असता कोपर काटकोनात राहील एवढी तिची उंची ठेवावी आणि उतारावर ती थोडी वाढवावी.

पायांच्या फोडांबाबत जरा सविस्तर लिहिते, कारण सहल अर्ध्यावर सोडायला लावणारे हे नेहमीचे कारण आहे. टाच चुरचुरू लागली किंवा एका जागी गरम वाटली की पुढच्या वळणापर्यंत न थांबता तिथेच बूट काढावा, घाम पुसून त्वचा पूर्ण कोरडी करावी आणि जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचे कोपरे गोल कापून ती सुरकुती पडू न देता लावावी. टोकदार कोपरे मोज्याला घासून उचकटतात. यासाठी पट्टीची छोटी गुंडाळी आणि लहान कात्री पुरेशी आहे.

डॉक्टरांनी दिलेली नेहमीची औषधे, दम्याचा पंप किंवा मधुमेह असल्यास साखर या वस्तू सॅकच्या तळाशी न ठेवता हात सहज पोहोचेल अशा कप्प्यात ठेवाव्यात आणि त्या कुठे आहेत हे एका मैत्रिणीला सांगून ठेवावे. छातीत दाब किंवा दुखणे जाणवले, भोवळ आली तर तिथेच थांबून मदत बोलवावी. त्यासाठी चार्ज केलेला फोन आणि शिट्टी हवीच. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, हा संकटाचा संकेत अनेक देशांत ओळखला जातो. उशीर होऊ शकतो, म्हणून लहान बॅटरीही (टॉर्च) घ्यावी. खाण्यासाठी केळे आणि मूठभर सुका मेवा पुरतो.

जाड काचेची बाटली, कॅमेऱ्याचा स्टँड, जास्तीचे बूट आणि प्रथमोपचाराची मोठी पेटी घरीच राहू द्या. कात्री आणि चिकटपट्टी चौघींत मिळून एकच असली तरी चालेल. पाणी, औषधे आणि जाकीट मात्र प्रत्येकीचे स्वतःचे असावे.

प्रश्न : जाण्यापूर्वी सॅक पाठीवर घेऊन चालण्याचा सराव करावा का?

उत्तर : जरूर करावा, पण आधी काही दिवस रिकाम्या पाठीने चालावे, चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल, एवढाच वेग ठेवावा. दोन जिने चढूनही आपल्याला सध्या धाप लागते, म्हणून सुरुवात करण्यापूर्वी एकदा तपासणी करून घेणे इष्ट. पुढे सॅकमध्ये वजन म्हणून पाण्याच्या बाटल्याच भराव्यात, म्हणजे थकवा आला तर पाणी झाडांना घालून परतीच्या वाटेवर ओझे हलके करता येते.