उपदेश नको, साक्ष लिहा

प्रश्न : मुलाने मला स्वतःची वेबसाइट करून दिलीय. येशूवरची श्रद्धा तिथे मांडायचीय, पण लोकांना प्रचार वाटेल अशी धास्ती आहे. काय लिहू? – एक भगिनी, नगर

उत्तर : ताई, घरात घडलं तेच लिहा; श्रद्धेचा स्वतःचा अनुभव सांगणं, हीच साक्ष. माझी आजी भाकरी थापताना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग म्हणायची. तिच्या गीतांच्या पुस्तकाच्या कोपऱ्यांना अजून पिठाचे डाग आहेत. मी तिथूनच सुरुवात केली असती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग-कीर्तनातूनच ख्रिस्त गायला. केडगावात पंडिता रमाबाईंनी बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. तुम्हीही ‘तारण’, ‘कृपा’ हे शब्द शेजारणीला समजतील असे उलगडा. आणि फळाला न आलेली प्रार्थना असेल, तर तीही लिहा. लपवू नका.