जुन्या सायकलचा किंचाळणारा ब्रेक

प्रश्न : माझी माउंटन बाइक १२ वर्षांची. सिंहगड उतरताना मागचा केबलवाला डिस्क ब्रेक नुसता किंचाळतो, धरत नाही. हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) बसवू का?

उत्तर : बसवा, पण आधी पॅड (डिस्कला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) काढून पाहा. काचेसारखे चकाकत असतील तर ते तापून गुळगुळीत झालेत, नाहीतर त्यांच्यावर साखळीचं तेल उडालंय. (स्प्रे मारताना हा उद्योग मीही केलाय.) पॅड बदला, डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही हायड्रॉलिकच हवा, तर फ्रेमवर ब्रेक धरणारे बोल्ट बघा. चाकाच्या आसाला समांतर, आडवे जात असतील तर ती ब्रेक जोडायची जुनी ‘आयएस’ पद्धत. आजचा कॅलिपर (पॅड धरणारा ब्रेकचा भाग) अॅडॅप्टरशिवाय, म्हणजे मधल्या जोडतुकड्याशिवाय, बसायचा नाही. अॅडॅप्टर डिस्कच्या मापाचाच घ्या, १६० मिमीला १६०चा. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडकवता, वीसेक वेळा ब्रेक दाबा. गड त्यानंतर.