वरच्या पाड्याची हरकत आलीय? आधी झिऱ्यावर जाऊन बसा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सामूहिक वनहक्काचा, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाच्या हक्काचा, दावा टाकलाय, वरच्या पाड्याने लेखी हरकत घेतलीय, साहेब म्हणतात ‘आधी आपसात मिटवा’ आणि गावातली पोरं म्हणतात ‘कोर्टात जाऊ’. तुमच्या शिरपूरच्या जागी साक्री तालुका लिहिला की ही आमचीच गोष्ट. आमचे तीन पावसाळे यात गेले.

नमुना क (दाव्याचा अर्ज), समिती, पुरावे यावर बोलत नाही, दावा टाकलाय म्हणजे ते झालेलंच असणार. आणि मी वकील नाही. वनहक्क समितीचा सचिव होतो, तेवढ्यावरून सांगतोय.

आमची चूक अशी. हद्द लिहायची वेळ आली तेव्हा कुणीतरी वनकक्षाचा, म्हणजे वनखात्याने आखलेल्या जंगलाच्या तुकड्याचा, नकाशा आणून दिला. कक्षाची रेघ थेट डोंगराच्या धारेपर्यंत गेलेली. म्हातारी माणसं सांगत होती, आपली हद्द नाल्यावरच्या मोठ्या मोहाच्या झाडापर्यंत, त्याच्या वर दोन्ही पाड्यांचं. आम्ही चार शिकलेले हसलो. म्हटलं, बाबा, कागदावर आयतं जास्त मिळतंय, सोडायचं कशाला? शिवफेरी, म्हणजे हद्दीवरून चालायची फेरी, काढली ती नकाशा हातात धरून, आणि वरच्या पाड्याला निरोपसुद्धा दिला नाही. आता त्या धारेखाली एक झिरा, म्हणजे जिवंत पाण्याचा झरा, आहे. चैत्र-वैशाखात सगळीकडचं पाणी आटलं की वरच्या पाड्याची ढोरं तिथंच येतात. तो झिरा आम्ही एका रेघेने आमच्या नावावर करून टाकला.

त्यांना हे दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्यांच्यातला एक म्हातारा बाजारात भेटला, चार लोकांत म्हणाला, “डोंगर काय तुमना बापना शे का?” माझी थोरली बहीण त्याच पाड्यात दिलेली. त्या वर्षी ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आली नाही.

कार्यालयाचं तर विचारू नका. पहिल्यांदा फाइल परत आली, कारण काय, तर निस्तारपत्रक जोडलेलं नाही! अहो, निस्तारपत्रक म्हणजे सरपण-चराईच्या गावहक्कांची नोंद, तो विदर्भाकडचा कागद. खान्देश मुंबई इलाख्यातला, इथं तो कुठून आणायचा? नियमांत तो बऱ्याच पुराव्यांपैकी एक आहे, सक्तीचा नाही. म्हाताऱ्यांचे लेखी जबाब, देवाची झाडं, जुने पाणवठे, गुरचरण हेसुद्धा पुरावेच. हे समजावायला सात-आठ खेपा झाल्या, एका माणसाची मजुरी धरा दर खेपेला. तेव्हा कुणी तोंडी ‘हे चालत नाही’ म्हणालं तर कारण लेखी मागा, आणि पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडू नका.

आता तुमच्या कामाचं. वनहक्क कायद्याच्या २००८च्या नियमांतला १२(३) वाचा. एकच जंगल दोन गावं वापरत असतील किंवा हद्दीचा वाद असेल, तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, कोण काय वापरतं ते लिहायचं आणि आपापल्या ग्रामसभेला द्यायचं. ग्रामसभांना मिटवता आलं नाही, तरच उपविभागीय समितीकडे. म्हणजे साहेब बोलले ते बरोबर आहे, फक्त कसं मिटवायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

तुम्हाला एखादा हुशार माणूस सांगेल की ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध दाद मागायची मुदत ६० दिवसांची, ती उलटली असेल तर हरकत उडवून लावा. माझं मत विचाराल तर ऐकू नका. हरकत उडेल, पण वणवा लागला की विझवायला वरचा पाडा येणार नाही. कोर्टाचंही तेच, तरी शेवटी गाव तुमचं.

आम्ही शेवटी झिऱ्यावर बसलो. ग्रामपंचायतीत बसू नका, तिथं सरपंचाचं राजकारण आडवं येतं. ठरलं ते असं: हद्द मोठ्या मोहापर्यंत आमची. धारेपर्यंतचा पट्टा दोघांचा. झिऱ्याचा गाळ होळीनंतर दोघांनी मिळून काढायचा. मोहाची झाडं आमच्याकडे घरवार वाटलेली असतात, ती ज्याची त्याच्याकडेच राहिली, मग झाड कुठल्याही बाजूला असो. सरपणाचं पुरुषांना ठरवता येईना. शेवटी बायकांनीच सांगून टाकलं, वाळलेलं आणि डोक्यावरून येईल तेवढंच, बैलगाडी नाही. हा एकच नियम आजवर कुणी मोडलेला नाही.

ठरावाच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हवीत, आणि आलेल्यांत एक तृतीयांश बायका. घरोघर सह्या फिरवून कोरम भरू नका. आम्ही एकदा भरला होता, एका मयत माणसाची सही निघाली.

जाता जाता, जंगल राखण्यासाठी नावाजलेल्या आमच्या तालुक्यातल्या बारीपाड्याला सहल न्यायचा विचार असेल तर जरूर न्या. तिथल्या चैत्रामभाऊ पवारांना २०२५ला पद्मश्री जाहीर झाल्यापासून तिकडे जाणारे वाढलेत. पण वनभाज्या खाऊन फोटो काढून परतू नका, शेजारच्या गावांशी कसं जमवलं ते विचारून या.

फेरीला शक्यतो पानगळीत निघा, डोंगर उघडा दिसतो. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बायकांना सोबत घ्या, पाणवठे त्यांना पाठ असतात. कागद झाल्यावर पुढच्या आखाजीला बहीण आली. मेहुणा मात्र अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.