यामाहा सुपरजेट 701 चा एअरबॉक्स काढून ओपन फिल्टर घरी बसवता येईल का? बाइकचा कोन फिल्टर चालेल का?

तुमच्याकडे दोन कार्ब्युरेटरची जुनी टू-स्ट्रोक जेट स्की, यामाहा सुपरजेट 701, आहे. तिचा मूळ प्लास्टिकचा एअरबॉक्स काढून उघडा फिल्टर लावायचा आहे, आणि बाइकच्या दुकानातला कोन फिल्टर त्यावर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. काम घरी होतं. कोन फिल्टर मात्र अजिबात चालणार नाही. आणि फिल्टर बसवणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. खरा वेळ जातो तो जेटिंगमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) बदलून वाढलेल्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल देण्यात. ते करायची तयारी नसेल तर एअरबॉक्सला हातच लावू नका.

आधी कोन फिल्टरचं सांगतो, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. बाइकचं इंजिन उघड्यावर असतं. जेट स्कीचं इंजिन बंद हलच्या, म्हणजे स्कीच्या होडीसारख्या सांगाड्याच्या, आत बसलेलं असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे कुठे जरा गळती झाली की ती हलच्या तळाशी साचून राहते. अशा वेळी कार्ब्युरेटरमधून एक बॅकफायर (उलटी ज्योत) बाहेर आला तर पुढे काय होईल हे वेगळं सांगायला नको. म्हणून इथे फ्लेम अरेस्टर लागतो. धातूच्या बारीक फटींतून जाताना ज्योतीची उष्णता धातू शोषून घेतो आणि पलीकडची वाफ पेट घेत नाही. हम्फ्री डेव्हीने 1815 मध्ये खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला, तो याच तत्त्वावर. अमेरिकेत हलच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांना मान्यताप्राप्त फ्लेम अरेस्टर कायद्यानेच सक्तीचा आहे. विकत घेताना त्यावर कोस्ट गार्डच्या मंजुरीचा क्रमांक, 'एसएई जे-1928' किंवा 'यूएल 1111' यांपैकी एक छाप आहे का ते बघा. दिसायला हुबेहूब पण छाप नसलेला माल ऑनलाइन भरपूर मिळतो, तो घेऊ नका. स्पंजचा किंवा कागदाचा फिल्टर तर पाण्याने भिजला की फुगतो, सुटतो आणि त्याचे तुकडे थेट इंजिनात जातात. अरेस्टरवर चढवायचं पाणी अडवणारं कापडी आवरण वेगळं मिळतं. ते जरूर लावा, पण ते अरेस्टरला पर्याय नाही.

आता फायद्याचं. बाकी इंजिन मूळ स्थितीत असेल तर थ्रॉटलला प्रतिसाद चटकन मिळतो आणि आवाज मोठा होतो. टॉप स्पीड डोळ्यांत भरेल इतका वाढत नाही. एक्झॉस्ट पाइप, हेड आणि इम्पेलर (पाणी मागे फेकणारा पंखा) यांच्या जोडीनेच इनटेकचा खरा उपयोग होतो. उलट मूळ एअरबॉक्स आवाज कमी करतो आणि हलमध्ये उडणारं पाणी कार्ब्युरेटरपर्यंत सहजी पोचू देत नाही. लाटांमध्ये खेळणार असाल, स्की वारंवार उलटणार असेल, तर माझं मत मूळ बॉक्स ठेवा असंच आहे.

तरी करायचंच असेल तर इंजिन ठणठणीत आहे ना, हे आधी बघा. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. दोघांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आधी त्याचं कारण शोधा. मग लीक टेस्ट. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करून इंजिनात 6 पीएसआय दाबाची हवा भरा. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी मारून बुडबुडे कुठे येतात ते पाहा: क्रँकचे सील, कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट, रीड ब्लॉकचं (हवा एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पट्ट्यांच्या भागाचं) गॅस्केट. इथून चोरून आत जाणारी हवा जेटिंगचं सगळं गणित बिघडवते. अशा इंजिनावर जेट बदलत बसलात तर एक सिलिंडर रिच (पेट्रोल जास्त) आणि दुसरा लीन (पेट्रोल कमी), असा घोळ कधीच सुटत नाही. कार्ब क्लीनरचा फवारा मारून गळती शोधायची युक्ती गॅरेजमध्ये सर्रास चालते. हलच्या आत चालू इंजिनावर ती करू नका.

काम उघड्यावर करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि अग्निशामक हाताशी असू द्या. एअरबॉक्स निघाला की कार्ब्युरेटरची जोडीही बाहेर काढा. तशीच ठेवून वरून अरेस्टर लावण्याचा मोह होतो, पण आतली साफसफाई आत्ताच व्हायला हवी. या स्कीवरच्या मिकुनी कंपनीच्या सुपर बीएन कार्ब्युरेटरच्या पंपाच्या झाकणाखाली एक छोटी जाळी असते. ती गाळाने तुंबली की त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतं आणि लोक जेटला दोष देत बसतात. डायफ्राम (आतले लवचीक पडदे) कडक झालेले असतील तर अस्सल मिकुनीचं किट घाला. मीटरिंग चेंबरमधला (पेट्रोल नियंत्रित करणाऱ्या कप्प्यातला) नीडलचा लिव्हर चेंबरच्या तळाशी अगदी समपातळीत हवा. वर राहिला तर पेट्रोल वाहत राहतं, खाली राहिला तर उपासमार होते. दोन्ही बटरफ्लाय (थ्रॉटलच्या झडपा) एकाच क्षणी उघडायला हव्यात. एकीच्या कडेखाली जेमतेम सरकणारी बारीक तार दुसरीखालीही तेवढ्याच घट्टपणे सरकली पाहिजे.

अरेस्टरची बेस प्लेट बसवताना प्रत्येक बोल्टला निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सुटू न देणारा चिकट द्रव) लावा. टू-स्ट्रोकच्या कंपनांनी बोल्ट सुटतो, आणि तिथून सुटलेला बोल्ट घशातून रीडकडे आणि पुढे क्रँककेसमध्ये जातो. चोकच्या पाकळीचे छोटे स्क्रूसुद्धा याच वेळी तपासा. शेवटी हूड बंद करून अरेस्टर कुठे घासतोय का ते बघायला विसरू नका. हूडला जास्तीचं भोक पाडून हवा वाढवायची कल्पना डोक्यातून काढून टाका. त्यातून पाणीच आत येईल.

आता जेटिंग. एअरबॉक्सचा अडसर गेला की हवा सहज येते. पण घशातला खेच कमी होतो आणि त्याच खेचावर पेट्रोल वर येत असतं. म्हणजे हवा वाढते आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं आणि पिस्टन थंड ठेवायलाही ते पेट्रोलच मदत करतं. त्यामुळे मिश्रण लीन झालं की वंगण आणि थंडावा दोन्ही एकदम घटतात. फसवं असं, की लीन इंजिन सुरुवातीला जास्तच चपळ वाटतं. 'काय पळतेय!' म्हणेपर्यंत पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकतो.

त्यात आपल्याकडे पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. यामाहाचं मॅन्युअल 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे 14.7 भाग पुरतात, 20 टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण 13.5. कार्ब्युरेटरला सेन्सर नसतो, तो आपणहून काही जुळवून घेत नाही. त्यामुळे अमेरिकन माणसाने दिलेले जेटचे आकडे इथे जसेच्या तसे उतरवले तर स्की लीनच राहणार. आपल्या पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते घरी मोजता येतं. 100 मिलीच्या मोजपात्रात 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल घ्या, बूच लावून हलवा, वाफ कोंडू नये म्हणून मध्येच बूच सैल करा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. रेषा 28 वर आली तर 90 मध्ये 18 मिली, म्हणजे 20 टक्के. हे धुतलेलं पेट्रोल इंजिनात घालू नका, त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो.

कोकणातल्या दमट हवेत हे पेट्रोल टाकीत आठवडेच्या आठवडे ठेवणं वाईट. पुरेसं पाणी शोषलं गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. नळीने तो तळचा थर ओढला तर इंजिनाला ऑइल नसलेलं पाणीच मिळतं. पावसाळ्यात स्की उभी करताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. इथेनॉलला न टिकणाऱ्या जुन्या नळ्या आतून सुटतात आणि तोच गाळ वर सांगितलेल्या जाळीवर जाऊन बसतो, तेव्हा त्याही बदला.

ऑइलचं मूळ प्रमाण 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली. बरेच जण 40 ला 1 वर, म्हणजे 25 मिलीवर जातात. काहीही ठरवा, पण जेटिंग सुरू करायच्या आधी ठरवा आणि नंतर बदलू नका. ऑइल वाढवलं की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं.

मिकुनीचे मेन जेट 2.5 च्या पायऱ्यांनी मिळतात. मूळ जेटचा नंबर वाचा आणि तीन पायऱ्या वरून सुरुवात करा. समजा 115 असेल तर 122.5. नेहमी रिचकडून लीनकडे यायचं, उलट कधीच नाही. लो-स्पीड स्क्रू मॅन्युअलच्या आकड्यावर ठेवून एकावेळी फक्त एक अष्टमांश फेरा फिरवा. थ्रॉटलच्या लिव्हरजवळ टेपवर पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा करून घ्या. पायलट जेट (कमी थ्रॉटलसाठीचा छोटा जेट), मेन जेट आणि हाय-स्पीड स्क्रू हे थ्रॉटलच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात. बिघाड कोणत्या खुणेवर आहे ते कळल्याशिवाय काय बदलायचं ते कळत नाही. आयडलला आणि हलक्या थ्रॉटलवर लो-स्पीड स्क्रू आणि पायलट जेट, मधल्या भागात मुख्यतः मेन जेट, आणि शेवटच्या पाव भागात हाय-स्पीड स्क्रू.

हे सगळं पाण्यातच करायचं. ट्रेलरवर इंजिनावर लोड नसतो, त्यामुळे तिथे काहीच कळत नाही. पाण्याशिवाय इंजिन 15 सेकंदांपेक्षा जास्त चालवायचं नाही. पाइप लावून फ्लश करताना आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. क्रम चुकला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं.

थ्रॉटल एकदम दाबल्यावर स्की क्षणभर गुदमरून मग सुटली, किंवा सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता लटकत राहिले, तर खालचा भाग लीन आहे. फडफड आवाज, दाट धूर, ओला काळा प्लग आणि वर न चढणारे आरपीएम म्हणजे रिच. पूर्ण थ्रॉटलची परीक्षा अशी: मोकळ्या पाण्यात, आसपास कोणी नसताना, नव्या प्लगवर पाच-सहा सेकंद पूर्ण उघडा आणि थ्रॉटल न सोडता किल-स्विचची दोरी ओढा. इंजिन बंद झालं की जेट स्कीला स्टिअरिंग राहत नाही, म्हणून समोर खूप जागा हवी. प्लग काढून भिंगाने आत बघा. वरचा रंग फसवतो. चिनी मातीच्या अगदी मुळाशी तपकिरी कडं दिसायला हवं. तिथे पांढरंफटक असेल तर एक पायरी मोठा जेट घाला. मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चकचकीत ॲल्युमिनियमचे कण दिसले तर तिथेच थांबा. ते डेटोनेशन आहे, म्हणजे मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट; पिस्टनचा माथा झडायला लागलाय. दोन्ही प्लग स्वतंत्र वाचा. फरक असेल तर दोष जेटमध्ये नाही, गळतीत किंवा जाळीत शोधा.

ठिकाण बदललं की जेटिंगही बदलतं. तापोळ्याला कोयनेच्या जलाशयावर तुम्ही साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर असता, तिथे हवा विरळ. तिथे नेमकं जुळवलेलं इंजिन मालवणच्या किंवा अलिबागच्या समुद्रावर लीन पडतं. मे महिन्याच्या दुपारी जुळवलेलं डिसेंबरच्या सकाळी थोडं लीनकडे झुकतं, कारण थंड हवा दाट असते. म्हणून नेहमी एक पायरी रिच राहू द्या.

उघड्या अरेस्टरमधून पाणी आत गेलंच तर स्टार्टर मारत बसू नका. प्लग काढा, कॅप अर्थला लावा, म्हणजे उडणारा पेट्रोलचा फवारा पेटणार नाही, आणि मग क्रँक फिरवून पाणी बाहेर काढा. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाका आणि शक्य तितक्या लवकर इंजिन चालू करून गरम होऊ द्या. खारं पाणी रात्रभर आत राहिलं तर क्रँकची बेअरिंग गंजतात.

फोर-स्ट्रोक फ्युएल इंजेक्शनच्या स्कीला यातलं जेटिंग लागू नाही. तिथे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या नळीच्या) दाबावरून आणि हवेच्या तापमानावरून पेट्रोल ठरवतो आणि छोटे बदल सांभाळून घेतो. सुपरचार्जर असेल तर मात्र ईसीयूचं ट्यूनिंग केल्याशिवाय इनटेक बदलू नका. आणि स्की भाड्याने फिरवायची असेल, म्हणजे रोज अनोळखी माणसं तिच्यावर बसणार असतील, तर मूळ इनटेक तसाच ठेवा. तिथे पूर्ण थ्रॉटल किती वेळ दाबून धरला जाईल, हे तुमच्या हातात नसतं.

खरेदी करताना छापाचा अरेस्टर, मिकुनीची दोन किट, मेन आणि पायलट जेटच्या तीन-चार पायऱ्यांच्या जोड्या, बेसची गॅस्केट आणि प्लगचा डबा एकदमच मागवा. जेट कमी पडले म्हणून 'चालतंय तसं चालू दे' असं ठरवणं या कामात सगळ्यात महाग पडतं.