रांगत नाही, पण बाकी काय काय करतं?

“बाळाला साडेनऊ महिने झाले, अजून रांगत नाही. आई व्हिडिओ कॉलवर रोज तेच विचारते. म्हणते, तू आठव्या महिन्यात घरभर रांगत होतीस. इथे परदेशातली नर्स म्हणते, सगळं ठीक आहे. कोणाचं ऐकू?”

ताई, वर तुमच्या पत्राचा एवढाच भाग दिलाय, पण त्याचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. बाळ बसल्या जागी गोल फिरतं आणि हवी ती वस्तू गाठायला ढुंगणावर सरकत जातं, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. अहो, खरी बातमी तीच आहे! त्याला जिथे जायचंय तिथे ते पोचतंय, फक्त आपल्या पद्धतीने. अशी सरकणारी बाळं पुष्कळ असतात. त्यातली काही जरा उशिरा चालतात, एवढं मात्र मनाशी धरून ठेवा, म्हणजे वर्षाच्या वाढदिवसाला पुन्हा धसका घ्यायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या बाळांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. निरोगी बाळं आधाराशिवाय बसली ती साधारण ४ ते ९ महिन्यांत. एकटी चालायला लागली ती ८ ते साडेसतरा महिन्यांत, केवढा मोठा पल्ला! आणि शंभरातली चारेक बाळं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये कोणत्या वयात बाळाला काय यावं याच्या आपल्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. बाळ नऊ महिने भरायच्या आधी जन्मलं असेल, तर वय डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं.

आता त्याचे हात बघा. समोर एखादी बारीक वस्तू पडली की आधी ते सगळा पंजा फिरवून ती गोळा करायचं. या दिवसांत अंगठा आणि तर्जनी हळूहळू जवळ येतात, एक दिवस चिमूट जमते, आणि मग जमिनीवरचा प्रत्येक कण थेट तोंडात जातो. केर आता दिवसातून दोनदा काढा.

आजी फोनवरून नावाने हाक मारते आणि बाळ बघत नाही, याचंही तुम्हाला वाईट वाटतं. पण पडद्यावरच्या हाकेवरून काही ठरवू नका. खोली शांत असताना, ते खेळात रमलेलं असताना, मागून हाक मारा. वळलं की झालं.

तपासणीच्या वेळी नर्सच्या फॉर्ममध्ये बोलण्याचे प्रश्न येतील. तिथे मराठीतला ‘दादा’, ‘बाबा’ही तिथल्या भाषेतल्या शब्दाइतकाच धरायचा. घरात दोन भाषा आहेत म्हणून मूल मागे पडत नाही. तेव्हा मराठी बोला, मनसोक्त बोला, अंघोळ घालताना बोला.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. नऊ महिने होऊनही बाळ आधाराशिवाय बसत नसेल, आवाजाकडे वळत नसेल, अंग फार ताठ किंवा फार ढिलं लागत असेल, एकच हात चालतो आणि दुसरा सतत मुठीत राहत असेल, किंवा येत असलेली गोष्ट बंद पडली असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता फोन करून वेळ घ्या. “आम्ही काळजी करतोय” असं स्पष्ट सांगा. परक्या देशात आपण संकोचतो आणि “तसं ठीक आहे” म्हणून बसतो. इथे तो संकोच नको.

आणि वॉकर आणू नका, कोणीही प्रेमाने देऊ केला तरी. चालणं त्याने लवकर येत नाही, जिन्यावरून पडण्याची भीती तेवढी वाढते. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. त्यापेक्षा दिवसभरात पाच-दहा मिनिटं जमिनीवर पालथं घाला, समोर आवडतं खेळणं ठेवा आणि तुम्हीही शेजारी पालथ्या पडा.

बाळ सरकत जातं त्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, समोरून एक आणि बाजूने एक. पुढच्या तपासणीला नर्सला दाखवा. आईलाही पाठवा, आणि बाळाला नवीन काय येतं ते तिलाच शोधायला सांगा.