प्रोस्टेटची आणि ताठरतेची गोळी एकत्र

प्रश्न : वय ६२. प्रोस्टेट वाढल्यामुळे ०.४ मिलिग्रॅम टॅम्सुलोसिन चालू आहे. ताठरताही कमी झाल्याने डॉक्टरांनी रोज ५ मिलिग्रॅम टाडालाफिल दिलं. दोन्ही एकत्र चालतील?

उत्तर : चालतात, पण दोन्ही रक्तदाब उतरवतात. म्हणून टॅम्सुलोसिन अंगवळणी पडल्यावरच दुसरी गोळी सुरू करतात. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसा. झटकन उभं राहिलं की भोवळ येते. टॅम्सुलोसिन रोज त्याच जेवणानंतर अर्ध्या तासाने, कॅप्सूल न फोडता घ्या. टाडालाफिल रोज घ्यायचं. ते लघवीच्या तक्रारीवरही चालतं, पण अधूनमधून घेतलं तर त्यासाठी उपयोग नाही.

खरा धोका सॉर्बिट्रेटचा, म्हणजे छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळीचा. ती किंवा त्याच गटातलं (नायट्रेट) कुठलंही औषध चालू असेल, तर टाडालाफिल मुळीच नको. रक्तदाब जीवघेणा कोसळतो. छातीत कळ आली की घरचे घाबरून कपाटातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात. शेवटच्या टाडालाफिलनंतर किमान ४८ तास ती चालत नाही. तेव्हा टाडालाफिल घेता हे पत्नीला, मुलांना सांगून ठेवा. यात लाजण्यासारखं काहीच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तर टॅम्सुलोसिनचं नाव डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा.