गोव्यात जुन्या कबरी बघायच्या तर पायाखाली बघा

तुम्ही विचारलंय : कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी बघून भारावलो, डिसेंबरात चार दिवस पणजीत आहे, तिथे तसं वसाहतकाळातलं काही आहे का, आणि परक्या माणसाने तिथे हिंडलेलं चालतं का?

आहे, पण अगदी वेगळं. कोलकात्यात इंग्रजांनी १७६७ साली मोकळी जागा घेऊन दफन सुरू केलं आणि वर पिरॅमिड, घुमट, मनोरे उभारले. एशियाटिक सोसायटी स्थापणाऱ्या विल्यम जोन्सचं स्मारक तर मान वर करूनच बघावं लागतं. पोर्तुगीजांची रीत अशी नव्हती. मातब्बर माणूस चर्चच्या आत, वेदीच्या जितकं जवळ जमेल तितकं, जमिनीत पुरायचा आणि वर फरशीच्या पातळीत शिळा बसवायची. चर्चमध्ये पुरायला मनाई करून वेगळ्या सार्वजनिक दफनभूमी बांधायचा हुकूम पोर्तुगालमध्ये निघाला तो १८३५ साली. त्यामुळे जुन्या गोव्यात (ओल्ड गोवा, पणजीजवळची पोर्तुगीजांची जुनी राजधानी) लोक सोनेरी वेदीकडे बघत ज्याच्यावरून चालतात, तीच इथली दफनभूमी.

मी पणजीतल्या सांतिनेजला वाढलो. तिथे ख्रिस्ती दफनभूमी, स्मशान आणि कबरस्तान जवळजवळ आहेत. स्मशानाच्या बाजूने आलं की आई पाय धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेत नसे, आणि कबरीवर पाय देणं म्हणजे तर महापाप. पहिल्यांदा जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये गेलो तेव्हा जमीनभर शिळाच शिळा, त्यावर घराण्यांची चिन्हं कोरलेली. मी भिंतीला धरून कडेकडेने चाललो होतो. सोबत शेजारच्या ख्रिस्ती आजी होत्या, लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलात, शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "अरे, त्यांनीच मागून घेतलेली जागा ही. लोक येता-जाता आठवण काढतील म्हणून. पाय पडला तर पडू दे, पण नाव वाच."

मग त्यांनी मला शिळा वाचायला शिकवलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल. 'सेपुल्तुरा' म्हणजे कबर. 'आकी जाझ' म्हणजे इथे विसावला आहे. 'फालेसेउ'च्या पुढे मृत्यूची तारीख. जुन्या शिळांवर यू अक्षराच्या जागी व्ही कोरतात, त्यामुळे शब्द आधी ओळखूच येत नाही. 'इ दी सेउश एर्देइरुश' असं दिसलं तर 'आणि त्याच्या वारसांची', म्हणजे घराण्याच्या मालकीची जागा. आणि तळाशी पी, एन, ए, एम ही चार अक्षरं दिसली तर थांबा. 'पाद्रे नोस्सो, आवे मारिया' या दोन प्रार्थनांची ती आद्याक्षरं. जाणाऱ्या-येणाऱ्याने आपल्यासाठी एवढं म्हणावं, ही मेलेल्या माणसाची विनंती.

झिजलेली अक्षरं समोरून उजेड टाकून दिसत नाहीत. मोबाइलचा टॉर्च शिळेला जवळजवळ टेकवून आडवा धरा, कोरीव भागात सावली भरते आणि नाव वर येतं. खडू किंवा पाणी अजिबात लावू नका. प्रार्थना चालू असेल तर हे सगळं राहू द्या, मागच्या बाकावर बसा.

वेळ कमी असेल तर मी दोनच ठिकाणं सांगेन. पहिलं जुन्या गोव्यातल्या मोन्ते सांतो टेकडीवरचं अवर लेडी ऑफ द रोझरी चर्च, जिथे गर्दी जवळपास नसतेच. तिथे १५४८-४९ मध्ये गव्हर्नर असलेला गार्सिया द सा आणि त्याची बायको कातारिना यांच्या कबरी आहेत. कातारिनाच्या भिंतीतल्या स्मारकावरची नक्षी गुजराती धाटणीची आहे. पोर्तुगीज बाईची कबर आणि हात इथल्या कारागिराचा. मला ती जुन्या गोव्यातल्या सगळ्या सोन्यापेक्षा जास्त आवडते.

दुसरं त्याच टेकडीवरचं सेंट ऑगस्टीनचं पडकं चर्च. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद झाले, १८४२ मध्ये छत कोसळलं, आता ४६ मीटरच्या मनोऱ्याचा एक भाग तेवढा उभा आहे. छप्पर नसल्यामुळे शिळा उघड्यावर आहेत, सकाळचं तिरपं ऊन पडलं की टॉर्चही लागत नाही. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला मारली गेली. धर्म बदलायला तिने नकार दिला होता. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी इथे आणला. जुन्या पोर्तुगीज नोंदीत जागा लिहून ठेवली होती, चॅप्टर चॅपेलची (मठातल्या साधूंच्या सभेच्या प्रार्थनाघराची) दुसरी खिडकी. त्या धाग्यावरून पुरातत्त्व खात्याने शोध घेतला, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डीएनए तपासला गेला आणि २०२१ मध्ये तिचे अवशेष भारताने जॉर्जियाला भेट दिले. कोणीतरी 'दुसरी खिडकी' एवढं लिहून ठेवलं म्हणून ती सापडली.

दोना पावलाच्या जेटीवर तुम्हाला प्रेमभंगाने कड्यावरून उडी मारलेल्या बाईची गोष्ट ऐकायला मिळेल. तिच्या नावाची शिळा खरोखर आहे, १६८२ सालची, जवळच्या काबो नावाच्या भूशिरावरच्या चॅपेलमध्ये. ते राज्यपालांच्या निवासस्थानाच्या आवारात आहे, त्यामुळे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. पण तिकडे जाणाऱ्या रस्त्यालाच एक छोटी, भिंतीने वेढलेली इंग्रजांची दफनभूमी आहे. कोलकात्यासारखं काही हवं असेल तर हीच ती.

इंग्रज गोव्यात कसे, तर नेपोलियनच्या भीतीने. फ्रेंच गोवा घेतील म्हणून १७९९ मध्ये इंग्रजांचं सैन्य इथे उतरलं आणि काबो, आग्वाद वगैरे ठिकाणी १८१३ पर्यंत राहिलं. ज्या लढाईसाठी आले ती इथे झालीच नाही, तरी माणसं मेली. प्रोटेस्टंट असल्याने कॅथलिक चर्चच्या जमिनीत जागा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून हे वेगळं कुंपण.

परक्याने हिंडलेलं चालतं. फाटक लोटलेलं असेल तर आजूबाजूला विचारून आत जा, कबरींवर बसू नका, कुणाच्या घरचं दफन चालू असेल तर फोटो काढू नका. एवढंच पथ्य.

२ नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, सांतिनेजच्या दफनभूमीत मेणबत्त्यांनी डोळे दिपतात. आठवडाभर आधीपासून लोक कबरी घासतात, झेंडूच्या-शेवंतीच्या माळा आणतात. दोना पावलाच्या त्या कुंपणात त्या दिवशी मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा एकही मेणबत्ती नव्हती. कोण लावणार, घरचे लोक सात समुद्रापलीकडे आणि दोनशे वर्षं मागे. मी एक शिळा निवडतो, पाला बाजूला करतो आणि नाव, पलटण, वय मोठ्याने वाचतो. तुम्ही डिसेंबरात जाल तेव्हा दुसरी एखादी निवडा.